पहिलीतला इंग्रजीचा तास

‘लहान मुलं भाषा टिपकागदासारखी टिपून घेतात, तेव्हा इंग्रजी पहिलीपासूनच हवी.’ पालकसभांत, चर्चांत, शाळांच्या जाहिरातींत हे वाक्य इतक्या खात्रीने येतं की त्याला पुरावा मागावा असं कुणाला सुचतही नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालच्या जूनपासून इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही, दोन ते आठ या वयात मुलं भाषा फार झपाट्याने शिकतात, असं संशोधनाचा हवाला देऊन म्हटलं आहे. या समजातला अर्धा भाग खरा आहे. सगळा घोटाळा झाला आहे तो त्या अर्ध्या खऱ्यामुळेच.

खरा भाग असा. लहानपणी परदेशी गेलेली मुलं पुढे तिथली भाषा जवळपास तिथल्या माणसांसारखी बोलतात, मोठेपणी गेलेल्यांना ते सहसा साधत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या चिनी आणि कोरियन लोकांवर जॉन्सन आणि न्यूपोर्ट यांनी १९८९ मध्ये केलेला अभ्यास हेच सांगतो. पण ती मुलं शाळेत, मैदानात, दुकानात, टीव्हीसमोर दिवसभर त्या भाषेत बुडालेली होती. आपल्या वर्गात काय घडतं? शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरते. रोज पस्तीस मिनिटांची एक तासिका धरली तर वर्षाकाठी साधारण ११७ तास होतात. परदेशी गेलेलं मूल दिवसाला बारा तास जागं असतं असं मानलं, तर वर्षभरात ते ४,३८० तास तिथल्या भाषेच्या सहवासात असतं. म्हणजे एका वर्षाचा तो सहवास तासिकांतून भरून काढायला सदतीस वर्षं लागतील. परदेशी गेलेल्या मुलांचे निष्कर्ष उचलून या तासिकेला चिकटवणं ही शुद्ध दिशाभूल आहे, आणि ती आता थांबायला हवी.

बरं, ‘झपाट्याने’ हा शब्दही टिकत नाही. नेदरलँड्समध्ये राहायला गेलेले इंग्रजी भाषक डच कसे शिकतात हे कॅथरीन स्नो आणि मारियन हुफनागेल-हुले यांनी तपासलं. त्यांचे निष्कर्ष १९७८ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या काही महिन्यांत १२ ते १५ वयाची मुलं आणि प्रौढ सर्वांत वेगाने पुढे गेले. वर्षाअखेरीस ८ ते १० आणि १२ ते १५ या गटांनी सर्वांत चांगली पकड मिळवली, आणि प्रत्येक चाचणीत सर्वांत मागे राहिली ती ३ ते ५ वर्षांची मुलं. स्पेनमध्ये इंग्रजीचं वय अकरावरून आठवर आणलं गेलं, तेव्हा बार्सिलोनात कार्मेन मुन्योस आणि सहकाऱ्यांनी दोन्ही तुकड्या तासांची बरोबरी करून तपासल्या. समान तासांनंतर उशिरा सुरुवात केलेली मुलंच एकंदरीत सरस ठरली. कारण उघड आहे. अकरा वर्षांच्या मुलाला नियम समजतो, वहीत नोंद करता येते, मातृभाषेतल्या वाचनाचा आधार असतो. सहा वर्षांचं मूल ऐकून ऐकून शिकतं, आणि ऐकायला तर पस्तीसच मिनिटं असतात.

जर्मनीच्या नॉर्थ राइन-वेस्टफालियात पहिलीपासून आणि तिसरीपासून इंग्रजी शिकलेल्या पाच हजारांवर मुलांची तुलना झाली. पाचवीत पहिलीवाले पुढे होते, सातवीत मात्र तिसरीवाले त्यांच्या पुढे गेले. तिथल्या सरकारने २०२१ पासून इंग्रजी पुन्हा तिसरीवर नेली. पुढच्या पाहणीत नववीत पहिलीवाले परत वर आले, हेही सांगायलाच हवं. पण त्यांच्या पदरी तासही जास्त होते, तेव्हा ते श्रेय एकट्या वयाला देता येत नाही.

आता सर्वांत गंभीर आक्षेप: सधन घरांतली मुलं बालवाडीपासून इंग्रजी शिकणार आणि गरिबांच्या मुलांनी पाचवीपर्यंत थांबायचं का? या प्रश्नामागचा राग रास्त आहे. पण सधन घरातल्या मुलाला इंग्रजी येते ती घरातली पुस्तकं, शिकवणी आणि इंग्रजी बोलणारी माणसं यांच्यामुळे. हे काहीच न देता गरिबाच्या मुलाला फक्त एक तासिका चार वर्षं आधी देणं म्हणजे समता नव्हे. आणि त्याची किंमतही तेच मूल मोजतं. पहिलीत ते ‘क’ला काना ‘का’ शिकत असतं, जे लिहिलं तेच वाचायचं हा देवनागरीचा भरवसा त्याच्या मनात नुकता बसत असतो. त्याच आठवड्यात फळ्यावर ‘कॅट’, ‘सिटी’ आणि ‘चेअर’ यांच्या सुरुवातीला एकच ‘सी’ उभा राहतो. मराठी वाचन पक्कं झालेलं मूल ही गंमत म्हणून पचवतं, अडखळत वाचणारं मूल मात्र वाचनालाच बिचकतं. समता हवी असेल तर वरच्या वर्गांत इंग्रजीचे तास दुप्पट करा, स्वतः अस्खलित बोलणारे शिक्षक द्या, वर्गात गोष्टींची पुस्तकं ठेवा.

उरलेले समज थोडक्यात. दोन भाषांनी मूल गोंधळतं, हे खरं नाही. घरी अहिराणी किंवा कोकणी आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं आपल्याभोवती सुखाने वाढतात. लवकर शिकलं की उच्चार आपोआप सुधारतात, हेही नाही. मूल समोरच्या शिक्षकांचाच उच्चार उचलतं, आणि त्यांनी ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ दोन्हींचा ‘व’ केला तर तेही करतं. दहाव्या वर्षी दार बंद होतं, हा तर निव्वळ धाक आहे: २०१८ मध्ये सुमारे पावणेसात लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतराव्या वर्षापर्यंत टिकून असल्याचं दिसलं. पाचवीतलं मूल दहा वर्षांचं असतं.