पाखराच्या औषधाला वर्गणीचा हातभार

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला, की भरदुपारी झाडाखाली पक्षी निपचित पडलेले आढळतात. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकत ते अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यात शरीरातले पाणी आटते. पाहणारा माणूस कळवळून चोचीत पाण्याची धार सोडतो. घात होतो तो इथेच. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते, त्यामुळे पाणी फुप्फुसात जाऊन पक्षी दगावू शकतो. भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, सावली, शांतता आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन, एवढाच प्रथमोपचार पुरेसा आहे.

खर्च सुरू होतो तो त्यानंतर. सलाईन, वेदनाशामक, एक्स-रे, पट्ट्या, वाहनाचे इंधन आणि रोजचा खुराक लागतो. संक्रांतीत मांजाने पंखाच्या पुढच्या कडेची पातळ त्वचा आणि तिच्यातला स्नायुबंध कापला गेला, तर उपचार कित्येक आठवडे चालू शकतात. गाय-बैल आजारी पडले तर खर्चाला मालक असतो. घारीला, घुबडाला मालक नाही. वाघासाठी मदतीचे हात चटकन पुढे येतात, पिंगळ्यासाठी मात्र आखडतात.

खरे तर पिंगळ्याच्याच एका भाईबंदाने खानदेशचे नाव जगभरच्या पक्षी अभ्यासकांपर्यंत पोहोचवले. १८८४ नंतर रानपिंगळ्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि तो नामशेष झाला असे मानले जात होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये, तब्बल ११३ वर्षांनी, तो शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही त्याची नोंद आहे. ज्या जातीचे मोजकेच पक्षी उरले आहेत, तिचा एकेक जखमी पक्षी वाचणे मोलाचे असते.

मदत करायची म्हटले, की अनेकांना प्राणी हातात घ्यायचा असतो. पण ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे. माणसाच्या स्पर्शाच्या नुसत्या भीतीनेही हरणासारखा प्राणी दगावू शकतो. कोल्हा किंवा मुंगूस चावल्यास रेबीजचा धोका असतो. म्हणून अशा प्राण्यांना हाताळणाऱ्या स्वयंसेवकाने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्यायला हवी. पहिल्या दिवसानंतर सातव्या आणि मग २१व्या किंवा २८व्या दिवशी, असे तिचे तीन डोस असतात. जमलेल्या निधीतला पहिला खर्च या लशीवर आणि जाड हातमोज्यांवर व्हावा.

बाकीच्यांसाठी निधी जमवणे हीच मोठी सेवा आहे. शाळेने रद्दी विकावी, कॉलनीने दिवाळीत पणत्यांचा स्टॉल लावावा, एखाद्याने वाढदिवसाचा खर्च वळवावा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक योजना आहे. प्राणी उद्यानातच राहतो, त्याचा खर्च देणगीदार उचलतो. त्याच धर्तीवर उपचार केंद्राचा महिन्याचा औषधखर्च एखादे मंडळ उचलू शकते.

मात्र पथ्ये पाळावीत. नोंदणी नसलेल्या मंडळाला गणपतीच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. वन्यजीवांच्या नावाने वर्गणी मागतानाही तिथे आधी विचारून घ्यावे. पैसे संस्थेच्या खात्यातच घ्यावेत, प्रत्येकाला पावती द्यावी, हिशेब फलकावर लावावा. गळ्यात साप किंवा हातावर घुबड घेऊन देणगी मागणे मात्र कटाक्षाने टाळावे. त्यात प्राण्याचे हाल होतात आणि कायद्याचाही भंग होतो.

पावतीपुस्तक सांभाळणाऱ्याचा फोटो कुठे छापून येत नाही. पण ऐन उन्हात पक्षी केंद्रात पोहोचतो, तेव्हा कपाटात सलाईनची बाटली असते ती त्याच्यामुळेच.