पापणी मिटत नाही, म्हणून ॲप उघडत नाही

बँकेत खाते उघडताना ॲप सांगते, 'कॅमेऱ्याकडे पाहा आणि डोळे मिचकावा.' समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ही खात्री. पण ॲसिड हल्ल्यात पापण्या जळालेल्या स्त्रीने काय करायचे? चेहऱ्याच्या नसेचा पक्षाघात झालेल्यांची एक पापणी मिटत नाही. कंपवातात पापण्यांची उघडझाप मंदावते. ही माणसे जिवंत आहेत, पण ॲपच्या लेखी नाहीत.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला. डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने डोळे मिचकावण्याला पर्याय देण्याचे निर्देश दिले.

चूक होते कुठे? ॲप बनवणारे बहुतेक जण तरुण असतात. नजर साफ, बोटे स्थिर. ॲप ते स्वतःच्याच डोळ्यांनी आणि बोटांनी तपासतात. अपंग आणि वृद्धांच्या सोयीचा विचार 'नंतर बघू' म्हणून मागे पडतो आणि तोवर ॲप बाजारात आणायची तारीख येते.

खरे तर यातले बरेचसे उपाय साधे आहेत. पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइडमध्ये 'टॉकबॅक', तर आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' या नावाने २००९ पासून आहे. मात्र चित्राच्या बटणाला नावच दिलेले नसेल, तर ती नुसते 'बटण' म्हणते. औषधांची आठवण देणाऱ्या ॲपमध्ये 'डोस घेतला' आणि 'नोंद पुसा' ही दोन्ही बटणे अशी एकसारखी ऐकू आली, तर मधुमेहाने दृष्टी गेलेला रुग्ण इन्सुलिन दुसऱ्यांदा टोचून घेऊ शकतो. साखर एकदम उतरणे जिवावर बेतते.

मोतीबिंदू असलेल्याला पांढऱ्या पडद्यावरची फिकट राखाडी अक्षरे दिसत नाहीत. म्हणून अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातले प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. थरथरत्या बोटांसाठी बटणाची जागा सुमारे ९ मिलिमीटर असावी, अशी अँड्रॉइडची शिफारस आहे. रंगांधळ्यांसाठी लाल-हिरव्या खुणेबरोबर 'जास्त', 'ठीक' हे शब्दही हवेत. ओटीपी टाकायला थोडा जादा वेळ दिला, तर कुणाचे काही बिघडत नाही.

प्रत्येक अभियंत्याने एक चाचणी जरूर करावी. टॉकबॅक सुरू करायचे, डोळे मिटायचे आणि आपल्याच ॲपवर डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवायची. जिथे अडेल, तिथे दुरुस्ती.

घरच्यांनीही आजी-आजोबांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे मोठी करून द्यावीत. त्यानंतर एखाद्या ॲपमधली ओळ अर्धीच दिसू लागली, तर दोष आजोबांच्या डोळ्यांचा नाही, ॲपचा आहे. तसे ॲपवाल्यांना कळवावे. चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा बहुतेकांनाच लागतो. त्यातून आजचे तरुण अभियंतेही सुटणार नाहीत.