कुत्रीची नसबंदी: डॉक्टरांना काय विचारायचं?

मी डॉक्टर नाही, निवृत्त फौजी आहे. पण घरात कायम कुत्री असल्याने पशुवैद्यांकडे बरंच बसलोय. "कर्नल साहेब, पिशवी काढायची की नाही?" असं बरेच जण विचारतात. आज त्याबद्दल बोलू.

पहिला पर्याय म्हणजे दोन्ही अंडाशय आणि गर्भपिशवी काढणं. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हेच करतात. कुत्री गाभण असेल किंवा पिशवीत दोष असेल, तर पिशवी काढावीच लागते.

दुसरा पर्याय, फक्त दोन्ही अंडाशय काढणं. युरोपात अनेक डॉक्टर हे पसंत करतात. पिशवी निरोगी असेल तर ती ठेवली तरी चालते, कारण तिला बिघडवणारे हार्मोन्स अंडाशयातून येतात. छेद लहान घेता येतो.

तिसरा पर्याय दुर्बिणीचा. त्यात काढायचं तेच, फक्त वाट वेगळी. दोन-तीन छोटी छिद्रं, वेदना कमी. पण खर्च जास्त आणि सोय मोठ्या शहरांतच.

रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काही डॉक्टर पोटाखालून न जाता कुशीतून छेद घेतात. पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीला ते बरं पडतं आणि जखम लांबूनही दिसते.

एक गोष्ट टाळा: अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढणं. पिल्लं होत नाहीत, पण माज येतच राहतो आणि दारात कुत्र्यांची रांग लागते. अंडाशयाचा तुकडा चुकून आत राहिला तरी हेच होतं.

आता मुद्द्याचं. "म्हातारी झाली, आता कशाला?" म्हणून लोक थांबतात. माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, जेवण सोडलं, खालून घाण स्राव आला, तर पिशवीत पू झालेला असू शकतो. पिशवीचं तोंड बंद असेल तर स्राव दिसतही नाही, आणि ते जास्त घातक. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशन तेच असतं, पण आता ते विष भिनलेल्या शरीरावर होतं. ठरवून केलेली कारवाई आणि अचानक अंगावर आलेली चकमक यांत जो फरक, तोच इथे.

म्हणून ती धडधाकट असताना ठरवा. माज चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यामुळे दोन-तीन महिने थांबा. मोठ्या जातींमध्ये वय किती असावं, हे डॉक्टरांना विचारा. नंतर वजन वाढू शकतं आणि काहींना झोपेत लघवी गळते, हेही माहीत असू द्या.

डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: यातली कोणती पद्धत तुम्ही नेहमी करता? दोन्ही अंडाशय पूर्ण निघतील ना? भूल देण्याआधी रक्ततपासणी आणि नंतर वेदनाशामक देणार ना?

पद्धतीच्या नावापेक्षा हात किती सरावलेला आहे, याला जास्त महत्त्व आहे. टाके भरेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, तिला चाटू देऊ नका आणि उड्या मारू देऊ नका. तेवढी पहारेदारी आपली.