धडकेनंतर कण चिकटतो की उसळतो? हवेच्या मोजणीपासून मास्कपर्यंत महत्त्वाचा प्रश्न

पंचकुला : पंचकुला जिल्ह्यातील रामगड येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या टीबीआरएल या प्रयोगशाळेचे चाचणी क्षेत्र आहे. तेथील रॉकेट स्लेडच्या रुळांवर अतिवेगवान चाचण्या घेतल्या जातात. गगनयानाच्या ड्रोग पॅराशूटच्या चाचण्याही याच रुळांवर झाल्या. मोठ्या वस्तूंच्या धडकेचे नियम परिचित आहेत. मात्र मीटरच्या अब्जाव्या भागात, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजल्या जाणाऱ्या कणांच्या धडकेत वेगळेच बळ निर्णायक ठरते.

कण पृष्ठभागावर आदळताना त्याच्या गतिज ऊर्जेचा काही भाग कणाच्या व पृष्ठभागाच्या विरूपणात खर्च होतो. उरलेली ऊर्जा त्याला मागे ढकलते. त्याच वेळी रेणूंमधील व्हॅन डर वाल्स आकर्षण त्याला धरून ठेवते. उरलेली ऊर्जा या आकर्षणावर मात करण्याइतकी असेल तर कण उसळतो, नसेल तर चिकटतो. ज्या वेगाच्या वर कण उसळू लागतो, त्याला क्रांतिक वेग म्हणतात.

येथे आकार महत्त्वाचा ठरतो. समान वेगाने जाणाऱ्या गोल कणाचा व्यास दहापट कमी केल्यास त्याची गतिज ऊर्जा हजारपट घटते, तर चिकटण्याची ऊर्जा साधारण दहापटच घटते. त्यामुळे लहान कणाला उसळणे कठीण जाते. चेंडू भिंतीवरून परततो, पण धूलिकण भिंतीला चिकटून राहतो, याचे कारण हेच.

हवेच्या प्रदूषणाच्या मोजणीत या नियमाला थेट महत्त्व आहे. कण आकारानुसार वेगळे करणाऱ्या इम्पॅक्टर या उपकरणात हवेचा झोत एका तबकडीवर सोडला जातो. जड कण जडत्वामुळे तबकडीवर आदळतात. हलके कण हवेबरोबर वळून पुढे जातात. आदळलेले मोठे कण चिकटण्याऐवजी उसळले, तर ते पुढच्या टप्प्यात जाऊन सूक्ष्म कणांत गणले जातात आणि पीएम 2.5 ची नोंद फुगते. म्हणून तबकडीवर तेल किंवा ग्रीसचा थर देतात. भारतात पीएम 2.5 साठी 24 तासांची सरासरी मर्यादा प्रति घनमीटर 60 मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली गेली की नाही, हे मोजणीच्या अचूकतेवरच ठरते.

मास्कमध्ये हाच गुणधर्म उपयोगी पडतो. मास्क म्हणजे केवळ चाळणी, हा समज अपुरा आहे. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे फिरतात, तंतूंना आदळतात आणि तेथेच चिकटतात. साध्या तंतुमय गाळणीला सर्वांत अवघड जातात ते मधल्या आकाराचे, साधारण 0.1 ते 0.3 मायक्रोमीटरचे कण; कारण त्यांच्यात जडत्वही पुरेसे नसते आणि हे भटकणेही कमी असते.

धातूंच्या ‘कोल्ड स्प्रे’ लेपनात मात्र चित्र उलटे दिसते. तेथे काही मायक्रोमीटर आकाराचे धातुकण, बहुधा ध्वनीपेक्षाही अधिक वेगाने, न वितळवता फवारले जातात. वेग कमी असेल तर कण उसळून जातात. विशिष्ट वेग ओलांडल्यावर ते चपटे होऊन पृष्ठभागाशी एकजीव होतात. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेत या तंत्रावर काम होते. झिजलेल्या यंत्रभागांच्या दुरुस्तीसाठी ते उपयुक्त आहे.

धडक एकच असली तरी कणाचा आकार, वेग आणि पृष्ठभागाचे स्वरूप यांनुसार तिचा परिणाम बदलतो. शुद्ध हवेसाठीचे गाळण असो किंवा प्रदूषणाची विश्वासार्ह नोंद, दोन्हींचा पाया या सूक्ष्म धडकेच्या आकलनात आहे.