आडात असेल तेच पोहऱ्यात येईल



उसाची नोंद पूर्वी वहीत होत असे, आता ती मोबाईलवर होते. तोडणीचा कार्यक्रम संगणक लावतो, काट्यावरचे वजन थेट खात्यावर चढते आणि बिल बँकेत जमा होते. ही सोय चांगलीच आहे. परंतु यंत्र आले म्हणजे नोंद आपोआप बिनचूक झाली, असा पुष्कळांचा समज झालेला दिसतो. तसे नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वहीतली चूक निदान जुन्या, माहीतगार चिटबॉयच्या नजरेला खटकायची. "अहो, या पट्टीत एवढा ऊस बसंल कसा?" असे तो तोंडावर विचारायचा. संगणकाला शिवार ठाऊक नसते. जे भरले ते खरे धरून तो पुढच्या प्रत्येक कागदावर तेच छापतो.

क्षेत्राचा घोळ

सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आपण बोलतो एकर-गुंठ्यांत. सभासद बांधावर उभे राहून "एक वीस" सांगतात, तेव्हा त्यांच्या मनात एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर असते. नोंदीचा रकाना हेक्टर-आरचा असेल आणि तिथे १.२० भरले गेले, तर ते झाले १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर! निम्मा ऊस शेतात, निम्मा नुसता कागदावर. एकरी ४० टन धरले तरी न उगवलेला ६० टन ऊस कारखान्याच्या अंदाजात शिरला. गटात अशा दहा नोंदी झाल्या की ६०० टन.

टोळ्यांचे व वाहनांचे करार याच अंदाजावर होतात आणि उचलही त्यावरच द्यावी लागते. अंदाज फुगला तर उचल अंगावर येते. तो कमी पडला तर हंगाम संपत आला तरी ऊस फडात उभा आणि टोळ्या परतीच्या वाटेला. दोन्हीकडून नुकसान सभासदांचेच.

मोबाईलवर शेताची हद्द टिपतानाही हीच दक्षता हवी. उघड्या रानात साध्या मोबाईलची जागा चार-पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकते. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे साधारण ३२ मीटर लांब आणि तितकाच रुंद. त्याची एक बाजू ५ मीटर सरकली तर दीड गुंठा वाढतो किंवा घटतो. मोठ्या फडात हे खपून जाते, लहान तुकड्यात नाही. म्हणून बांधाने पूर्ण फेरी मारावी आणि आलेला आकडा सातबाराशी ताडून पाहावा.

लागण तारीख आणि जात

पाळी लवकर यावी म्हणून काही जण महिना-दीड महिना आधीची तारीख सांगतात. खोडव्याचे वय मागील तोडणीच्या दिवसापासून धरायचे, हेही विसरले जाते. यात सांगणाराचा फायदा दिसतो, पण तो खरा नव्हे. कोवळा ऊस गव्हाणीत पडला की उतारा घसरतो. इकडे शेजाऱ्याचा तयार ऊस थांबतो, त्याला तुरे येतात, तो पोकळ पडून वजनाला मार खातो.

आणि उतारा तर सर्वांचा एकच धरला जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये एफआरपी ठरविली. त्यावर उतारा ०.१ टक्का वाढला की टनाला ३४ रुपये ६० पैसे जादा, आणि खाली गेला की साडेनऊ टक्क्यांपर्यंत त्याच हिशेबाने कमी. एकाने सांगितलेली खोटी तारीख अशी सर्वांच्या बिलात वाटली जाते.

जातीचेही तसेच. को ८६०३२ ला कोणी "नीरा" म्हणतो, कोणी नुसते "शहाऐंशी" म्हणतो. माणसाला ते एकच कळते, पण संगणक त्याच्या तीन जाती करतो. कोसी ६७१ लवकर पक्व होते, ८६०३२ ला वेळ लागतो. जात चुकीची पडली तर तोडणीचा क्रमही चुकतो.

नाव आणि खाते

एका गावात एकाच नावाचे तिघे सभासद असणे नवीन नाही. म्हणून नावावर न विसंबता सभासद क्रमांक आणि गट नंबर दोन्ही पाहावेत. वडील वारले, वारस नोंद राहिली आणि बिल त्यांच्याच बंद खात्यावर गेले, तर घरात दुःख असताना वर हेलपाट्यांची भर पडते. २०१९ व २०२० मध्ये काही सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना बँक बडोदा बँकेत गेली, सिंडिकेट कॅनरात गेली. शाखांचे आयएफएससी कोडही बदलले. ज्यांचे जुने पासबुक अजून कारखान्याच्या दप्तरी असेल, त्यांनी नवे द्यावे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळण्याचा आपला हक्क आहे. पण खाते चुकीचे असेल तर निघालेली रक्कमही परत येते.

सभासदांनी एवढे करावे

१. नोंदीच्या दिवशी स्वतः बांधावर हजर राहावे. गड्यावर किंवा शेजाऱ्यावर सोपवू नये.

२. क्षेत्र सांगताना "एकर-गुंठे" की "हेक्टर-आर" ते स्पष्ट बोलावे.

३. लागणीची किंवा मागील तोडणीची तारीख त्याच दिवशी घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

४. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आहे. तिच्यातील क्षेत्र व कारखान्याकडील क्षेत्र जुळते का ते पाहावे.

५. एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवू नये. त्याने दोघांचाही अंदाज बिघडतो.

६. चूक दिसल्यास हंगामापूर्वीच गट ऑफिसात लेखी दुरुस्ती द्यावी. कोयता लागल्यावर दुरुस्ती होते ती फक्त कागदाची, गेलेले वजन परत येत नाही.

आमचे कर्मचारी नोंदीला येतील तेव्हा त्यांची घाई चालू देऊ नका. भरलेली माहिती मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, पटली तरच सही करा, आणि नोंद पावती हातात पडल्याशिवाय त्यांना बांधावरून हलू देऊ नका.