सर्फिंगच्या किनाऱ्यावर सुट्टी : शांत दिसणारे पाणीच धोक्याचे का?

ऑस्ट्रेलियात मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांच्या सहलीत गोल्ड कोस्टचे नाव अनेकदा असते. ब्रिस्बेनच्या दक्षिणेला असलेल्या या शहरात सर्फर्स पॅराडाइज, बर्ली हेड्स, स्नॅपर रॉक्स असे सर्फिंगचे प्रसिद्ध किनारे आहेत. मात्र जिथे सर्फिंगच्या लाटा येतात, तिथे पाण्याला ओढही असते. पोहता येणाऱ्यांनीही पुढील माहिती जाण्यापूर्वी वाचावी.

रिप करंट म्हणजे काय?

लाटांबरोबर किनाऱ्याकडे आलेले पाणी परत समुद्रात जाण्यासाठी वाट शोधते आणि वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट भागातून वेगाने बाहेर पडते. या प्रवाहाला रिप करंट म्हणतात. खोल भागात लाटा कमी फुटतात. त्यामुळे तेथील पाणी शांत वाटते आणि लहान मुलांना घेऊन उतरायला नेमकी तीच जागा बरी दिसते.

रिप कशी ओळखावी?

• दोन्ही बाजूंना लाटा फुटतात, पण मधला पट्टा शांत दिसतो.
• त्या पट्ट्यातील पाणी अधिक गडद असते.
• फेस किंवा गढूळ पाणी आत समुद्राकडे वाहताना दिसते.

ही लक्षणे नेहमी दिसतीलच असे नाही. म्हणून लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहावे. तेवढ्या भागावर जीवरक्षकांचे लक्ष असते. झेंडे नसतील तर पाण्यात उतरू नये. लाल झेंडा असेल तर किनारा पोहण्यासाठी बंद आहे असे समजावे.

ओढीत सापडल्यास काय करावे?

• रिप तुम्हाला किनाऱ्यापासून दूर नेते, पण पाण्याखाली खेचत नाही. त्यामुळे शांत राहून तरंगत राहा.
• प्रवाहाच्या उलट दिशेने पोहू नका. त्याने दमछाक होते आणि माणूस बुडतो.
• एक हात वर करून मदत मागा.
• शक्ती असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटत असलेल्या भागाकडे पोहा.

घरातले कोणी ओढले जाताना पाहून आपण लगेच मागे धावतो. अशा वेळी वाचवायला गेलेली व्यक्तीही बुडू शकते. आधी जीवरक्षकाला बोलवा, जीवरक्षक नसेल तर 000 या क्रमांकावर फोन करा आणि तरंगणारी कोणतीही वस्तू बुडणाऱ्याकडे फेका.

बाहेर काढल्यावर

पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढण्याचा प्रयत्न करू नका. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. व्यक्ती शुद्धीवर नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर 000 ला कळवून लगेच सीपीआर सुरू करा : छातीवर 30 दाब, मग तोंडाने 2 श्वास. शुद्धीवर आली तरी खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर रुग्णालयात न्या.

ब्लूबॉटलचा दंश

निळ्या फुग्यासारखा दिसणारा हा जीव वाळूवर पडलेला असला तरी दंश करतो. त्वचेला चिकटलेले धागे काढून जागा समुद्राच्या पाण्याने धुवा. चोळू नका, व्हिनेगर लावू नका. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात 20 मिनिटे ठेवा. गरम पाणी नसेल तर बर्फाने शेका. श्वास घेण्यास त्रास झाला किंवा छातीत दुखले तर 000 ला फोन करा.

मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांसाठी

• मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही. पादत्राणे घाला आणि परत आल्यावर तळवे तपासा. दंशावरच्या गरम पाण्याचा अंदाजही दुसऱ्या व्यक्तीला घेऊ द्या.
• इन्सुलिन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका.
• लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उन्हात पाणी किती प्यावे, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर सामान ठेवण्याआधी झेंडे कुठे आहेत ते पाहा आणि तुमचे बसणे त्यांच्या समोरच ठेवा. मुले पाण्यात असताना घरातल्या एका मोठ्या माणसाने मोबाईल बाजूला ठेवून त्यांच्या जवळ, हात पोहोचेल इतक्या अंतरावर राहावे.