विद्यार्थी-प्रतिसाद प्रणाली

अध्यापन चालू असतानाच वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर एकाच वेळी मिळवून त्यांचे संकलन शिक्षकापुढे तत्काळ मांडणारी व्यवस्था. नेहमीच्या पाठात शिक्षकाने प्रश्न विचारला असता चार-दोन हात वर होतात आणि त्यांपैकी एकाच्या अचूक उत्तरावरून सर्व वर्गाला विषय समजला, असे गृहीत धरले जाते. न बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या चुकीच्या समजुती त्यामुळे परीक्षेपर्यंत झाकलेल्या राहतात. त्या वेळीच उघड करणे हा या प्रणालीचा प्रमुख हेतू होय.

उत्तर लिहिलेली पाटी सर्वांनी एकदम वर धरणे, हे या व्यवस्थेचे सर्वांत साधे रूप. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड व कॉर्नेल या विद्यापीठांत विद्युत् तारांनी जोडलेल्या बटनांच्या प्रणाली बसविण्यात आल्या. पुढे अवरक्त किरणांवर व नंतर रेडिओ तरंगांवर चालणारे, हातात मावणारे ‘क्लिकर’ प्रचारात आले. अलीकडे त्यांची जागा बऱ्याच अंशी स्मार्टफोनने घेतली आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेली ‘सेफ’ ही प्रणाली या प्रकारची आहे.

केवळ साधन बदलल्याने अध्यापन सुधारत नाही. हार्व्हर्ड विद्यापीठातील भौतिकीविज्ञ एरिक मेझर यांनी १९९१ पासून ‘सहाध्यायी अध्यापन’ ही पद्धती रूढ केली. तीत प्रत्येकाने प्रथम स्वतंत्रपणे उत्तर द्यावयाचे असते. अचूक उत्तरे साधारणपणे ३० ते ७० टक्के असल्यास विद्यार्थी शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा उत्तर देतात. प्रमाण त्याहून कमी असल्यास शिक्षक तो भाग पुन्हा समजावून देतो व अधिक असल्यास पुढे जातो. मेझर यांनी प्रारंभी उत्तरे साध्या कार्डांवरच घेतली होती.

प्रश्नाची रचना हा या पद्धतीचा गाभा होय. उदा., दापोली तालुक्यातील हर्णै, मुरूड या किनारी गावांतील मुलांना दिवसाचे खारे वारे व रात्रीचे मतलई वारे अनुभवाने परिचित असतात. तथापि मतलई वारे रात्री जमिनीकडून समुद्राकडे का वाहतात, असे विचारून (अ) जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, (आ) समुद्र जमिनीपेक्षा लवकर थंड होतो आणि (इ) ओहोटीचे पाणी हवेस ओढून नेते, असे पर्याय दिल्यास उत्तरांवरून विचारातील दोष कळतो. ‘आ’ निवडणाऱ्यास जमीन व पाणी यांच्या तापण्या-निवण्यातील फरक समजलेला नसतो. ‘इ’ निवडणारा वारा व ओहोटी यांची गल्लत करतो. ‘अ’ हे उत्तर बरोबर असून, थंड जमिनीवरील अधिक दाबाची हवा उबदार समुद्राकडे वाहते.

प्रत्येक विद्यार्थ्याजवळ उपकरण नसेल, तेथे ‘प्लिकर्स’ ही कार्डपद्धती सोयीची ठरते. प्रत्येक कार्डावर वेगळी चौकोनी आकृती व तिच्या चार बाजूंना पर्यायांची अक्षरे असतात. निवडलेले अक्षर वरच्या बाजूस येईल असे कार्ड धरले, की शिक्षकाच्या एकाच मोबाइलचा कॅमेरा सर्वांची उत्तरे नोंदवितो. दापोलीसारख्या डोंगराळ व अतिवृष्टीच्या तालुक्यात विजेवरील अवलंबन जितके कमी, तितके हितावह असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर येथील अनेक गावांचा वीजपुरवठा कित्येक दिवस खंडित होता. अशा वेळी पाटी किंवा रंगीत कार्डे यांनीही मूळ हेतू साध्य होतो.

या प्रणालीस मर्यादा आहेत. दीर्घ युक्तिवाद, लेखन व प्रात्यक्षिक कौशल्य यांचे मापन बहुपर्यायी प्रश्नांनी नीट होत नाही. उत्तरांना गुण दिल्यास विद्यार्थी शेजाऱ्याचे पाहून उत्तरे देऊ लागतात. तसेच चुकणाऱ्याचे नाव वर्गासमोर आल्यास त्याचा संकोच वाढतो. चर्चेसह एका प्रश्नास बराच वेळ लागत असल्याने एका तासिकेत मोजकेच प्रश्न घेता येतात व त्यांची निवड पाठाच्या पूर्वतयारीतच करावी लागते.